चार घरं

दिघोरी नाक्याच्या पलीकडे आमचं लेआउट.
चौसष्ट प्लॉट, बुद्धिबळाच्या पटावर असतात तेवढेच,
फक्त इथे काळं-पांढरं काही नाही,
सगळं मुरमाच्या रंगाचं.

एप्रिल लागता लागता पाकिटं आली.
डिंकानं घट्ट बंद, ज्याच्या त्याच्या नावानं,
सही घेऊन ज्याच्या त्याच्या हातात.
आत विकासशुल्क. तीस तारखेच्या आत भरलं तर दहा टक्के सूट,
नाही तर 'पुढील कारवाई'.
पुढील म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही.
गटार एकोणीस वर्षांपासून प्रस्तावित.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो.
पाकिटाच्या पाठीवर तक्ता काढला:
उभा मी, आडवे बाकीचे. चार घरं.
सगळे अडले, तर त्यांना यावं लागेल आमच्या दारी.
सगळ्यांनी भरलं, तर गटार पुन्हा प्रस्तावित.
मी भरलं नि बाकी अडले, तर सूट माझी
आणि त्यांच्या भांडणातून आलेलं गटारही माझं.
मी अडलो नि बाकीच्यांनी भरलं –
या घरात मी काही लिहिलं नाही.
नुसता एक जेसीबी काढला, लहान मुलं काढतात तसा.

पानठेल्यावर निनावे भेटले.
"भरून राहिले का सर?"
"पाहू. तुम्ही?"
"पाहू."
असे चौसष्ट जण एकमेकांकडे पाहून राहिले होते.

बावीसला मी गुपचूप भरले.
इथल्या बँकेत नाही, पार सीताबर्डीला जाऊन.
रांगेत माझ्यापुढे हेडाऊ, प्लॉट नंबर नऊ.
आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही.

वच्छलाबाई लांजेवार ब्लाउज शिवतात.
त्यांनी तक्ता काढला नाही.
पाकीट फाडलं, नोटीस फाटकाला बांधली
कुलरच्या जाळीतून उरलेल्या तारेनं, अक्षरं रस्त्याकडे.
"काऊन बांधली बाई?"
"माह्या एकटीलेच आली का, थे पाहाचं होतं."

दुसऱ्या दिवशी सात फाटकं. रविवारी चाळीसेक.
ऊन उतरल्यावर माणसं घोळक्यानं वाचत फिरू लागली,
गणपती पाहायला निघावं तशी.
आणि निनाव्यांच्या पोरानं भर रस्त्यात विचारलं,
"पंधराशे फूट त्यायचं, पंधराशे आपलं,
मंग त्यायले एकेचाळीस हजार
आन् आपल्याले अठ्ठावन्न कसे?"

हा प्रश्न बसेल असं घर
माझ्या तक्त्यात नव्हतं.
मी समोरच्याचे हत्ती-घोडे मोजत बसलो होतो.
त्याचा वजीर डिंक होता.

माझं फाटक तेवढं मोकळं.
वच्छलाबाई थांबल्या. "भरले ना सर?"
जेवले का, असं विचारावं तशा.
मी मान हलवली.
"मंग पावती लावा. थेही कागदच हाय."

लावली. सदुसष्ट हजार दोनशे, सूट वजा जाता.
लेआउटमधला सगळ्यात मोठा आकडा.
कोणीतरी फस्सकन हसलं. हेडाऊच असावेत.

राहिला प्लॉट बावन्न.
सहारे, झोन ऑफिसात वरिष्ठ लिपिक.
त्यांची स्कूटर वळणावर आली की
रस्त्यातल्या गप्पा थांबायच्या, ते आत गेले की सुरू.
तक्त्यात मी त्यांना कुठे धरलं होतं?
आडव्यात नाही, उभ्यातही नाही.

तीसच्या पहाटे नळाला उठलो तर
बावन्नच्या फाटकाशी सहारे, बनियनवर,
एक कागद दोन्ही हातांनी दाबून उभे.
वर नाव, त्यांचंच.
खाली 'करिता' लिहून सही, तीही त्यांचीच.
वारा होता. तार नव्हती.

मी घरी आलो, पावतीची तार उलगडली,
अर्धी तोडली.
देताना दोघंही काही बोललो नाही.
नळ वाहत राहिला होता,
पाणी दारातून रस्त्यावर,
जिथे गटार असायला हवं तिथून चाललेलं.